मोहाखाली काढलेल्या चपला

आईच्या पायाबद्दल आमच्या गावात एकच गोष्ट सांगतात. म्हातारीला दवाखान्यातून चपला दिल्या होत्या, तिने ऐन वेळी घातल्या नाहीत, म्हणून पाय गेला. माझी बायकोही हेच सांगते. मी ते कधी खोडून काढलं नाही. कोणी सांगायला लागलं की मी उठून बाहेर जायचो. लोकांना वाटायचं, मास्तरला दुःख होतं. दुःख होतंच. पण उठायचं कारण ते नव्हतं.

आमचं गाव धानोऱ्यापासून आत, जंगलात. घरात आम्ही अर्धं गोंडी आणि अर्धं इकडच्या झाडीपट्टीचं मराठी बोलायचो. इथे हाताला येईल तसं लिहितो. बाप मी लहान असतानाच गेला. शेत, बैल, मोहाची झाडं सगळं आईने एकटीने सांभाळलं आणि मला शिकवलं. मी दुसऱ्या गावी शाळेत मास्तर झालो, तिकडेच बिऱ्हाड केलं. सुटीला सायकलीने घरी यायचो.

शुगर तिला कधीपासून होती कोणास ठाऊक. एका सुटीत मी पाहिलं, तिच्या टाचेत बोरीचा काटा मोडलेला होता आणि ती त्याच पायावर भार देऊन धान पाखडत होती.

"माय, दुखत नाई का?"

"काय दुखन? कातडं जाड झालं आता."

जंगलातल्या माणसाचे पाय असेच असतात, असं मलाही वाटलं. पुढे ती वाळत चालली, घडाघडा पाणी प्यायला लागली, तेव्हा कुठे मी तिला चंद्रपूरला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात शुगरच्या रोग्यांसाठी वेगळा विभाग होता आणि पाय बघायचा वेगळा वार होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पायांचाही डॉक्टर असतो हे मला तिथेच कळलं.

सिस्टरने आईला खाटेवर निजवलं. हातात नायलॉनचा एक ताठ धागा. "आजी, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

आईने डोळे मिटले आणि लगेच म्हणाली, "हो."

"अहो, मी अजून टेकवलाच नाही."

"मंग टेकव न बाई. मले वाटलं, तू वाट पाहून राह्यली."

सगळी खोली हसली. मग सिस्टरने खरोखर धागा टेकवला. अंगठ्याखाली, चवड्यावर, टाचेवर. धागा वाकत होता आणि आई गप्प होती. दारात कोणाची चाहूल लागते का ते ऐकावं, तसा तिचा चेहरा झाला होता. सिस्टरने धागा ठेवून दिल्यावर तिने विचारलं, "लागला का?"

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढीच होती. तिने आईला भात कमी करायला सांगितलं.

"भात नाई खाऊ त काय खाऊ, तणीस? मी का बैल आहो?"

"बैल तुमच्यापेक्षा जास्त ऐकतो, आजी."

मग ती माझ्याकडे वळली तेव्हा हसत नव्हती. "यांच्या पायाखाली विस्तव आला तरी यांना कळणार नाही. तुम्हाला कळलं पाहिजे. अनवाणी एक पाऊलही नाही, घरात नाही, शेतात नाही, देवाला नाही. आणि रोज संध्याकाळी तळवे बघायचे." तिने आईची टाच माझ्या हातात दिली आणि बोटांच्या बेचक्या कशा उघडून बघायच्या ते दाखवलं. आई लाजेने अर्धी झाली. लेकाने पाय धरावा तो पाया पडायला. असा उलटा करून बघायला नाही. "नाल ठोकतो का मले?" म्हणाली.

दवाखान्याच्या मागे एक कारागीर बसायचा. त्याने कागदावर तिच्या पायांच्या कडा पेन्सिलीने ओढून घेतल्या आणि पुढच्या खेपेला चपला दिल्या. काळ्या, आतून मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या. आईला त्या फार आवडल्या. रोज धुवायची. कुत्र्याने नेऊ नयेत म्हणून निजताना खुंटीला टांगायची. शेतावरच्या बाया चिडवायच्या, "चपला आल्या, आता मोटर कवा येते?" ती म्हणायची, "डायवर शोधून राह्यली."

तळवे बघायचं माझं मात्र सुटलं. बघायचो ते फक्त सुटीला घरी असलो की. एरवीसाठी तिला एक आरसा दिला होता. तिची नजर अधू, आरशात तिला काय दिसणार? पण चंद्रपूरला विचारलं की मी सांगायचो, "रोज बघतो."

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या गावात मोह वेचायला लागायच्या आधी एका जुन्या मोहाखाली पूजा होते. ती होईपर्यंत त्या झाडाच्या सावलीत कोणी पायात काही घालून जात नाही. पूजा गायता करतो. गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि तो होता माझ्या बापाचा थोरला भाऊ, माझा मोठा बाबा. आई त्याची धाकटी भावजय. आमच्यात भावजय जेठाशी बोलत नाही, त्याच्यासमोर येत नाही, त्याच्या सावलीवरही पाय देत नाही. काही सांगायचं असलं की मधे माणूस लागतो. बाप गेल्यापासून तो मधला माणूस मी होतो. मोठ्या बाबाले सांग, बी नाई उरलं. मोठ्या बाबाले विचार, बैल देता का. आईचे शब्द मी तिकडे न्यायचे आणि त्याचे इकडे आणायचे, हे माझं लहानपणापासूनचं काम.

ते झाड आमच्याच वाट्याचं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळतात. तो मीच जाळला होता. सकाळी गेलो तेव्हा राख गार दिसत होती. एका जुन्या मुळापाशी थोडा धूर होता. मला ते धुकं वाटलं. की वाटून घेतलं, ते आता सांगता येत नाही.

मी शाळेतले बूट घालून गेलो होतो. सावलीच्या कडेला वाकून नाड्या सोडत होतो तेवढ्यात चुलतभाऊ ओरडला, "काऊन मास्तर, बूट सुटत नाई का? का सरकारनं पायालेच शिवून देले?" सगळे हसले. मीही हसलो, आणि बूट ओढून काढताना मोजा फाटला.

आई मागून आली. बाभळीच्या झुडपापाशी थांबली. हळूच म्हणाली, "बाबू, मोठ्या बाबाले विचार न. डॉक्टरीणबाईनं काढूच नोको म्हनलं. त्याहिले सांग, बिमारी आहे म्हना. ते म्हनतीन तसं करू."

मी गेलो. मोठा बाबा उकिडवा बसून दगड धूत होता, पानावर तांदूळ काढून ठेवले होते. त्याने मान वर केली. "काय रे?"

चुलतभाऊ आणि त्याचे दोघे सोबती माझ्याकडेच बघत होते. मनात आलं, आता मी बोललो की हे म्हणणार, नोकरी लागली, आता मायलेही साहेबीण करते, देवाले बी दवाखाना सांगते. एवढंच मनात आलं. त्यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं. मी बरंच शोधून पाहिलं आहे.

"काई नाई," मी म्हटलं. "कोंबडा धरू का?"

"धर."

कोंबडा धरायच्या आधी मी आईकडे परत गेलो आणि म्हणालो, "नाई म्हनतात. काढून ठेव. जराशाचं काम आहे."

तिने लगेच चपला काढल्या. झुडपाखाली टाचा जुळवून ठेवल्या आणि सावलीत येऊन बायांच्या मागे उभी राहिली. हात जोडून, डोळे मिटून. पूजा चालली होती तोवर ती जागची हलली नाही. मध्येच जळल्याचा वास आला. पलीकडे कोंबड्याची पिसं भाजत होते, मला तो त्याचाच वाटला. ती त्या जुन्या मुळापाशी उभी होती, तिथे दुसरं कोणी उभं राहिलं असतं तर ओरडत उडी मारली असती. पूजा झाली, तिने चपला घातल्या आणि ऊन चढेपर्यंत फुलं वेचली. टोपली भरून आणली. त्या संध्याकाळी मी तळवे बघितले नाहीत. शाळेची परीक्षा होती, दुपारीच सायकल काढली.

पुढच्या सुटीला आलो तर उंबऱ्यापाशीच वास आला. उजवी चपल आतून ओली, चिकट झालेली. आई म्हणाली, "पाय जरा जड झाला बाबू. मोहाचे दिवस होऊ दे, मंग जाऊ." मी तळवा उलटा केला आणि तिला तशीच उचलून बैलगाडीत घातलं.

चंद्रपूरला डॉक्टरीणबाईने पायाला बांधलेलं फडकं सोडलं. मग आईला म्हणाली, "आजी, चपला काऊन नाही घातल्या?" तीही तोवर आमच्यासारखं बोलायला लागली होती.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "विसरली मी."

आपल्या जेठाचं, गायत्याचं नाव परक्या माणसापुढे येऊ नये, म्हणून ती ते बोलली. त्याने नकार दिला असंच ती समजत होती. तिने त्याला वाचवलं. मी नुसता उभा राहिलो. डॉक्टरीणबाई चिडली, "इतकं सांगून विसरता?" आई मान हलवत होती, शाळेतल्या पोरासारखी.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

शेजारच्या खाटेवर राजुऱ्याची एक मुसलमान बाई होती. तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं, आणि तिच्या डाव्या पायाची बोटं त्याच रोगाने गेली होती. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ती बाई तिला हाक मारायची, "ओ बहन, मेरा डावा बिघडला, तुझा उजवा गेला. चल, दोघी मिळून एकच जोडी घेऊ." शेवटी आई हसली. सुई कशी टोचायची, ती दंडाला नको पोटाला घे, औषधाची बाटली ओल्या कपड्यात गुंडाळून पाण्याच्या माठाला लावून कशी ठेवायची, हे सगळं तिने आईला शिकवलं. आम्ही निघायच्या दिवशी व्हरांड्यात मला म्हणाली, "तू त सोबत होता ना बेटा? आठवन काऊन नाई देली?"

"लक्षात नाही राहिलं," मी म्हटलं.

घरी आल्यावर मोठा बाबा भेटायला आला. अंगणात बाजेवर बसला. आई आत, तट्ट्याच्या दाराआड, सुपात वाळलेला मोह निवडत होती. सुपाचा आवाज बाहेर येत होता. म्हातारा बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"मले काऊन नाई सांगतलं रे?" तो म्हणाला. "बिमार मानसाले सूट असते. बाळंतिनीले असते. तुह्या बापाच्या पायाले कुऱ्हाड लागली होती, तवा तो पायाले कापड बांधून उभा होता. मी चपलावर दोन दाने तांदूळ टाकले असते, झालं असतं. देव का आंधळा आहे?"

मला हे ठाऊक नव्हतं. गावातलाच होतो, पण नियम तेवढा लक्षात राहिला होता, पुस्तकातला असावा तसा. त्याला सूट असते, आणि ती मागायची असते, हे शिकायच्या वयात मी आश्रमशाळेत होतो.

आतला सुपाचा आवाज थांबला होता.

मी मोठ्या बाबाला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. थोड्या वेळाने सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. मोठा बाबा गेल्यावर मी आत गेलो. आईने वर बघितलं नाही.

"चहा देला का त्याहिले?"

"देला."

तिने सूप बाजूला केलं आणि उरलेला पाय माझ्यापुढे केला. आजवर मी मागावा आणि तिने लाजून द्यावा, असं होतं. आज तिने आपण होऊन दिला. "पाह्य," म्हणाली.

मी जवळच्या शाळेत बदली मागून घेतली. त्यानंतर ती काही वर्षं जगली, आणि दिवेलागणीला मी तिचा तळवा बघितला नाही असं झालं नाही. दर खेपेला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरीणबाई पाय बघून म्हणायची, "छान ठेवलाय." ती दोघांनाही म्हणायची. आम्ही दोघंही खाली बघायचो.

एकदा मी बोलायला घेतलं. तिची टाच माझ्या हातात होती. "माय, त्या दिवशी मोठ्या बाबाले मी…"

"पाय पाह्य आधी."

मी बेचक्या उघडून बघितल्या, तळव्यावरून बोट फिरवलं. "बरा आहे," म्हटलं.

तिने पाय ओढून घेतला, लुगड्याखाली झाकला. "मंग झालं," म्हणाली आणि चुलीकडे तोंड केलं. तिने मला माफ केलं की गप्प बसवलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आताही कळत नाही. पुन्हा मी विषय काढला नाही, आणि तिनेही नाही.

ती गेली ती त्याच रोगाने, मूत्रपिंडं निकामी होऊन. न्यायच्या आधी मी तिचा तळवा शेवटचा बघितला. एक भेगसुद्धा नव्हती.

आमच्यात माणसाच्या वापरातल्या वस्तू त्याच्यासोबत ठेवतात. तिची टोपली ठेवली, विळा ठेवला, कुबडी ठेवली. मी खुंटीवरून चपला आणल्या. डावी झिजून पातळ झालेली. उजवी धुऊन ठेवलेली, तशीच.

चुलतभाऊ म्हणाला, "उजवीचं काय काम आता?"

मी दोन्ही चपला तिने बाभळीखाली ठेवल्या होत्या तशाच ठेवल्या, टाचा जुळवून.