समोरच्या गॅरेजमधला नेमबाज

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्सला आमच्या समोरच्या गॅरेजमधून रोज दुपारी खडखडाट ऐकू यायचा. तिथे एक म्हातारा ऑस्ट्रेलियन एकटाच राहायचा. एकदा दार अर्धं उघडं होतं आणि आत टेबलावर मला काडतुसांचा ढीग दिसला. मी घाबरून पोलिसांना फोन केला. ते आले, लायसन्स पाहून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला हाक मारली आणि लांब उभं करून ते खडखडणारं मशीन दाखवलं. शूटिंग क्लब बंद होता, म्हणून तो सरावाची काडतुसं घरी भरून ठेवत होता. वरच्या भांड्यातून एकेक गोळी आपोआप खाली येऊन पितळी पुंगळीच्या तोंडावर बसत होती.

"पूर्वी हे हातानेच करायचो, मेट. आता बोटं थरथरतात," तो म्हणाला. मग मशीन पुसत म्हणाला, "काल कोणीतरी घाबरलं बिचारं. मला विचारलं असतं तर दाखवलं असतं. तुला आवाजाचा त्रास नाही ना होत?"

"नो वरीज," मी कसाबसा म्हणालो.

तेव्हापासून मशीन सुरू करण्याआधी तो माझ्या खिडकीकडे बघून हात वर करायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी नुसता हात हलवून त्याला परवानगी द्यायचो.