निवट्या आणि तिसरी हाक

निवटी ही मासळी दिसायला वाईट. आधीच सांगून ठेवतो. बोटाएवढी, काळपट, अंगभर बुळबुळीत, आणि डोळे कपाळावर चढवून बसलेली. मासा असून पाण्यात राहायचं सोडून चिखलावर टुणटुण उड्या मारते. पापलेट-सुरमईचं गिऱ्हाईक ती पाटीत दिसली की नाक मुरडून पुढे जातं. जाऊ दे. आमच्या लवूला जगात दुसरा मासा नाही. मुलगी अक्षता लहानपणी ताट ढकलायची, ‘पप्पा, ती डोळे वटारून बघतेय ना माझ्याकडे!’ तेव्हा लवू म्हणायचा, ‘तू आधी खा, मगे तिका बघूक डोळेच रवाचे नाय.’

लवू आमच्या गावचा. मालवणाच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी. बाप गिरणीत होता म्हणून पोरगा मुंबईला आला, विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. कारखाना बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला, आता तेही सुटलं. कांजूरमार्गच्या बैठ्या चाळीत तो आणि बायको शेवंती. अक्षता सासरी, मुलगा देवेश शिफ्टवर. गुडघे कुरकुरतात, पण थंडीत सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ साधली की पिशवी, टोकरी आणि एक लाकडी फळी घेऊन दोघं निघतात.

हायवे ओलांडला की मिठागराचा बांध लागतो, बांधाच्या टोकाला तिवरांची झाडी, आणि तिवरांपलीकडे खाडीचा उघडा चिखल. एका अंगाने कचऱ्याच्या डोंगराचा वास, दुसऱ्या अंगाने फ्लेमिंगोचे थवे. माणसं त्यांचे फोटो काढायला येतात. लवू मान खाली घालून चालतो, कारण त्याला बिळं बघायची असतात.

निवटीच्या बिळाला दोन तोंडं. एका तोंडावर टाच रोवायची आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. हात सरळ खुपसला तर चिखल तो धरून ठेवतो. म्हणून मनगट फिरवत फिरवत जायचं, हाताच्या बाजूने पाणी आत उतरू द्यायचं, मग चिखल सोडतो. बोटांना बुळबुळ लागली की मूठ. कधी निवटीच्या जागी खेकडा निघतो, कधी पाणसाप. लवूने दोन्ही धरलेत आणि दोन्ही सोडलेत.

फळी कशाला? आत चिखल खोल आहे. मांडीपर्यंत पाय गेला तर फळी आडवी टाकून तिच्यावर पोटाने पडायचं आणि बेडकासारखं सरकायचं. फळी एकच, म्हणून चिखलात एकानेच उतरायचं, हा पहिला नेम. शेवंती बांधावर टोकरी सांभाळत बसते, दोघांचे फोनही तिच्याच पिशवीत.

आणि दुसरा नेम हाकेचा. हा गावाकडून आणलेला. तिन्हीसांजेला खाडीवर कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. बुडून मेलेल्या माणसाचा गिरा होतो, आणि तो घरच्याच माणसाच्या आवाजात बोलावतो. नावाने तीनदा हाक आली तरच ते माणूस. गिऱ्याला तिसऱ्यांदा नाव घेता येत नाही.

हसणारे हसतात. लवू हसत नाही, कारण त्याने ती हाक ऐकली आहे.

तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. बाबा मुंबईहून मे महिन्याच्या रजेवर आलेले. त्यांचा धाकटा भाऊ सीताराम खाडीवर गेलेला. दिवेलागणीला तिवरांकडून आवाज आला, ‘दादा... ओ दादा...’ लवू दाराकडे धावला. बाबांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि दाराला अडसर घातला.

‘बाबा, काको हाक मारता!’

‘गप रव. गिरो तो. गिऱ्याक माजा नाव म्हायत नाय, म्हणान दादा म्हणता.’

आवाज बराच वेळ येत राहिला. मग बंद झाला. सकाळी सीतारामकाका चिखलात उभाच सापडला, बरगड्यांपर्यंत रुतलेला, मान एका बाजूला पडलेली. गावाने सांगितलं, गिऱ्याने नेला. लवूनेही तेच धरून ठेवलं.

पण त्यानंतर बाबा बदलले. खाडीची मासळी त्यांनी पुन्हा तोंडात घातली नाही. मुंबईच्या चाळीत बाहेर कुणीही कुणालाही हाक मारली, भंगारवाला ओरडला तरी ते जेवणावरून उठून दारात जायचे. शेजारी चेष्टा करायचे, ‘तुज्या बाबांका कोणाची वाट बघूची आसा रे?’

असो. आता गेल्या थंडीतली गोष्ट.

त्या दिवशी काठाची बिळं रिकामी निघाली. लवू फळी घेऊन तिवरांच्या पलीकडे गेला, दिसेनासा झाला. शेवंती बांधावर. ऊन उतरलं, कावळे परतू लागले. तिच्या समोरच, हाकेच्या नव्हे हाताच्या अंतरावर म्हणावं असं, निवट्यांचं एक जाडजूड जोडपं चिखलावर येऊन बसलं. एवढ्या मोठ्या निवट्या तिने पाहिल्या नव्हत्या. नवरा तासभर चिखल तुडवतोय नि ह्या इथे बसल्यायत. शेवंतीने साडी खोचली आणि खाली उतरली.

पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं. दुसरं गुडघ्यापर्यंत. निवट्या टुणकन पुढे सरकल्या, तीही सरकली. तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय मांडीपर्यंत खाली गेले आणि चिखलाने ते धरले.

आधी तिला स्वतःचंच हसू आलं. मग तिने एक पाय ओढला, त्याबरोबर दुसरा आणखी खाली गेला. दुसरा ओढला, पहिला गेला. कमरेशी थंडगार लागलं म्हणून वाकून बघितलं, तर पाणी.

भरती समोरून येत नाही. खाडीत ती मागून येते, तिवरांमधल्या बारीक नाल्यांतून, आवाज न करता. आपण समोर उघड्या चिखलाकडे बघत राहतो आणि पाठीमागची वाट भरून गेलेली असते.

‘ओ...!’ शेवंतीने हाक मारली. ‘ओ, आयकलात? अवो!’

पलीकडे लवूचा हात बिळात होता. हाक कानात शिरली. आवाज शेवंतीचा. हुबेहूब शेवंतीचा. पण शेवंती बांधावर बसलेली, आणि आवाज खालून, चिखलातून येत होता.

तो जागचा हलला नाही. हात बिळातून काढला नाही. तोंडाने रामरक्षा सुरू केली, ती पुढे आठवेना.

‘अवो, येवा ओ! देवेशच्या पप्पांनू!’

गिरा पोराचं नावसुद्धा जाणतो, हे लवूला नवीन होतं. त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे काळोखातलं दार, अडसर, दंडावर रुतलेली बापाची बोटं. पाणी त्याच्या टाचेला लागलं तरी तो वळला नाही.

शेवंतीला फळी आपटल्याचा आवाज मघाशी ऐकू आलेला, म्हणजे नवरा लांब नाही. ऐकू जातंय आणि येत नाहीये. पाणी बेंबीच्या वर चढलं तेव्हा तिला कळलं, हा नावाची वाट बघतोय.

आता हे सांगायला हवं. शेवंतीने नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. बँकेतल्या बाईने विचारलं तरी ती पासबुक पुढे करायची. इस्पितळात नर्सला म्हणाली होती, ‘देवेशचे पप्पा, भायर बसलेत ते.’ नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तिच्या आईने सांगितलेलं. पाणी छातीला लागलं, तरी जीभ उचलेना.

मग तिने डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, ‘लवू!’

लवूने हात बिळातून उपसला. एक.

‘लवूऽऽ!’

दोन. त्याने फळी उचलली, छातीशी धरली आणि उभा राहिला. तिवरं काळी पडली होती. तिकडे जायचं तर तिसरी हाक हवी. तिसरी येईना.

पाण्याचा बुडबुड आवाज. एक बगळा उडाला. त्याशिवाय काही नाही. दोन हाका मारून गप्प होतो तो गिरा, हे त्याला पाठ होतं. तो थांबला. किती थांबला ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

शेवंतीच्या तोंडात खारं पाणी गेलेलं. खोकून खोकून तिने ते बाहेर टाकलं आणि उरल्या दमात किंचाळली, ‘मेल्या लवू, मरतंय मी!’

तेव्हा लवू धावला. चिखलात कसला धावणार, पडत-रांगत गेला. तिवरांच्या अलीकडे पाण्यावर फक्त शेवंतीचे खांदे आणि डोकं.

‘फळी धर! छाती टाक तिच्यावर! पाय ओढू नको गो, अजिबात ओढू नको!’

तिने फळी कवटाळली. लवू पालथा पडला, श्वास कोंडला आणि तिच्या मांडीच्या कडेने हात खाली घातला. मनगट फिरवत फिरवत, बाजूने पाणी उतरू देत, निवटीच्या बिळात घालतो तसाच. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा खाली. एक पाय सुटला. दुसऱ्याला वेळ लागला. चप्पल चिखलाने ठेवून घेतली. दोघं फळीला धरून बांधाला लागली तेव्हा कोण कोणाला ओढत होतं ते सांगता येत नव्हतं.

घरी मोरीत काळं पाणी वाहिलं. शेवंतीचे दात वाजत होते. लवू म्हणाला, ‘तू पड, मी भात टाकतंय.’ टोकरीतल्या निवट्या अजून जिवंत होत्या. ती पाटावर बसली, राख नि मीठ लावून त्यांची बुळबुळ खरडून काढली, ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटलं, तिरफळं ठेचून टाकली, चार कोकमाची सोलं टाकली. रोजच्यासारखं. फक्त मीठ जरा जास्त पडलं.

ताट वाढलं. लवूने पहिला घास घेतला. डोकं, काटा, सगळं चावून खायची ही मासळी. पण त्या दिवशी काटा त्याने ताटाच्या कडेला काढून ठेवला.

‘पयली हाक आयकलात?’ शेवंतीने विचारलं.

‘आयकलंय.’

‘दुसरी?’

‘आयकलंय.’

‘माजोच आवाज होतो मा?’

‘तुजोच. पण गिरो घरच्याच माणसाचो आवाज काढता गो. सीतारामकाकाच्या वक्ताक...’

‘तां म्हायत आसा माका.’ तिने टोपात डाव फिरवला. ‘एक विचारू? सीतारामकाका तुमच्या बाबांका नावान हाक मारी?’

‘नावान कशी मारीत? धाकटो भाव तो. दादा म्हणा.’

बोलून झालं आणि लवूचा हात ताटावरच राहिला. शेवंतीने त्याच्याकडे बघितलं नाही. बोटांवरचं कालवण सुकून पिवळं पडलं.

तेवढ्यात चाळीच्या टोकाकडून कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. पोराला जेवायला बोलावत असतील, नाहीतर रिक्षावाल्याला. नाव नीट ऐकू आलं नाही.

लवू उष्ट्या हातानेच उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.