नातीच्या कानातली फट

मंडळी, आज दुपारी सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बसलो होतो. चार वर्षांची नात झोपाळ्यावरून डोक्यावर पडली, आणि फोटोत आतल्या कानाच्या हाडात बारीक फट दिसली. संस्कृतात कानाला मी सहा शब्द पाठ केलेत. धीर द्यायला एकही पुढे आला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "काका, हाड मोडलेलं न्हाय हे. लहान पोरांच्यात अशी फट असतीच की. वाढंल तशी भरत जाती. ऐकायला झकास येतंय तिला."

"मग घरात का ऐकत नाही?" डोळे पुसत माझी मुलगी म्हणाली.

सत्तरच्या दशकात मीही असाच कानावर पडलो होतो. तेव्हा आमच्या कोल्हापुरात असलं यंत्र कुठलं? यंत्र म्हणजे आई. ती दाराआड उभी राहून अगदी हळू विचारायची, "काकवी पायजे व्हय रं?" मी वळलो की कान शाबूत. मला मिसरूड फुटलं तरी तपासणी चालूच.

"आई, येतंय की ऐकू!" मी वैतागायचो.

"मग बघ की माझ्याकडं."

'ऐकायला झकास येतंय', हे एक वाक्य तिला कुणा डॉक्टरनं सांगितलं असतं, तर तिची काळजी मिटली असती. माझी काकवी बुडाली असती, ते वेगळं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. कान अजून चांगले आहेत, पण पाठीमागून इतक्या हळू कुणी विचारत नाही. तुमच्याकडे आहे का असं कुणी? असेल तर पहिल्या हाकेला वळा.