फ्रॉम आणि टूच्या मध्ये

कुरिअरच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. परदेशातल्या मुलाला त्यांनी पाठवलेला फराळाचा खोका परत आला होता. वर शिक्का होता, 'या पत्त्यावर राहत नाही'. आतून खवट चकल्यांचा वास येत होता.

कुरिअरच्या फॉर्मवरचं इंग्रजी किती सहज माणसं हलवतं! फ्रॉम सांगली टू टोरोंटो. फ्रॉम रोजचा फोन टू दिवाळीचा मेसेज. मधे जे तुटत जातं, त्याला फॉर्मवर चौकटच नाही. संताप आला, पण काढू कुणावर?

आजोबांनी नवा फॉर्म घेतला, फ्रॉमखाली स्वतःचा पत्ता नीट लिहिला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"ताई, टूमध्ये काहीतरी लिहा हो. खोका घरी परत नेला, तर हिला काय सांगू?"