मोटारीचं अभ्यंगस्नान

मोटारीला मेण लावायचं असतं, तेल नव्हे. हे मला आता माहीत आहे.

माझे सासरे सोलापुरातले मोठे अडत व्यापारी. घरात बोली कानडी. मी मोहोळचा मराठी शाळामास्तर. मास्तराला मुलगी दिल्याचं दुःख त्यांनी फार शांतपणे सोसलं होतं. (माझ्याकडे बघून अधूनमधून उसासा टाकीत, एवढंच.) त्यांनी नवी काळी मोटार घेतली. उन्हानं रंग विटू नये म्हणून दर सोमवारी ते स्वतः तिला मेण चोळीत. एकदा सुट्टीत आम्ही दोघं सासुरवाडीला असताना त्यांना रेल्वेनं अक्कलकोटला जावं लागलं. निघताना म्हणाले, "जावईबापू, उद्या मेण तेवढं लावा. रंगाला जपा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्यावर काही सोपवलं होतं! माझा ऊर भरून आला.

सोमवारी सकाळी मी धोतर खोचून अंगणात उभा राहिलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "मामी, मेण द्या!"

सासूबाईंनी तांब्या आणून दिला. आत काहीतरी पिवळं, पातळ. मेण असं असतं का? पण सोलापूरचं ऊन! वितळलं असणार, असं शास्त्रशुद्ध अनुमान काढून मी अख्खा तांब्या मोटारीला जिरवला. गाडी अशी चकाकू लागली, की मला सासऱ्यांची शाबासकी ऐकू यायला लागली.

मग वारा सुटला. गावची सगळी धूळ मोटारीवर येऊन बसली. फडक्यानं पुसावी तर तिचा चिखल होई. सासूबाईंना राहवेना.

"तेल असं न्हाय निघायचं, जावईबापू. डाळीचं पीठ लावा की."

"तेल? कसलं तेल?"

"करडीचं. तुमीच वरडला न्हवं, एण्णी द्या म्हून?"

एण्णी म्हणजे कानडीत तेल. माझं 'मेण' स्वयंपाकघरात पोचेपर्यंत 'एण्णी' झालं होतं.

"अहो, मग मी मोटारीला लावताना बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमी न्हानार. तर तुमी तिलाच चोळाया लागला. जावयाला कोन बोलनार?"

डाळीचं पीठ आलं. मी मोटारीला नखशिखान्त उटणं लावलं. कढत पाणी येईपर्यंत ते उन्हात भज्यासारखं वाळलं. तेवढ्यात उघड्या फाटकातून देवाला सोडलेला बैल आत आला आणि मोटार चाटू लागला.

मी काठी उचलली. सासूबाईंनी हात जोडले. "हाकलू नका! बसवण्णा हाय त्यो, म्हादेवाचा नंदी!"

बसवण्णानं पोटभर पीठ खाल्लं आणि तृप्त होऊन दारावर शिंगं घासली. करकर आवाज करीत रंगाचे पापुद्रे पडत होते, आणि मी काठी पाठीमागे लपवून उभा होतो. इतकं रडू मला लग्नातही आलं नव्हतं.

एवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. सासरे उतरले. त्यांनी मोटार पाहिली, बैल पाहिला, मला पाहिलं. बैलाला नमस्कार केला आणि सासूबाईंना कानडीत काहीतरी म्हणून आत गेले.

"काय म्हणाले?" मी माझ्या बायकोला हळूच विचारलं.

ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अप्पा म्हणतात, रंग पुन्हा देता येईल. जावयाचं काय करायचं?"

मी सासुरवाडीला गेलो, की अजूनही आधी मोटारीवर गोणपाट घालतात आणि मग मला पाणी देतात.