गाईची टेस्ट, डॉक्टरचं रक्त

डॉ. छाया मेश्राम यांना पशुसंवर्धन खात्याच्या प्रशिक्षण कक्षाच्या प्रमुखांनी फसवलं. मलाही फसवलं, कारण सौदा मी केला होता. मॅडम त्याबद्दल बोलत नाहीत. मी बोलतो.

सौदा साधा होता. मॅडमचा कोर्स पाच दिवसांचा, कक्षाच्या साहेबांना तीन दिवसांचा हवा होता. मी तीन दिवस कबूल केले, पण एका अटीवर. दुसऱ्या दिवशीच्या सकाळला कोणी हात लावायचा नाही. साहेब म्हणाले, "डन, नारनवरे." आम्ही हात मिळवला. माझे वडील नागपुरात लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर हमाल होते. तिथे व्यापाऱ्यांनी हात मिळवला की लगेच ट्रक भरायला घेत. मी त्या शाळेतला. कागद मागितला नाही.

पशुसंवर्धनात मी पट्टीबंधक म्हणून लागलो, म्हणजे जनावरांच्या जखमा धुऊन मलमपट्टी करणारा माणूस. नोकरीत राहून डिप्लोमा केला आणि सहायक पशुधन विकास अधिकारी म्हणून रिटायर झालो. महिन्याभरातच मॅडम, खात्यातल्याच पशुवैद्य, मनीषनगरला माझ्या घरी आल्या. "मी कोर्स बनवून राहिली. व्यवस्था तुम्ही पाहा."

"मीच काहून?"

"तुम्ही भांडता चांगले."

कोर्स होता व्हेटर्नरी पब्लिक हेल्थचा. जनावरांपासून माणसांना होणारे आजार, दूध-मटणाची तपासणी, रेबीज, हे सगळं त्यात येतं. कॉलेजात एकदा शिकलेला डॉक्टर त्याच शिदोरीवर रिटायर होतो, म्हणून नोकरीतल्या लोकांना मधूनमधून पुन्हा शिकवावं लागतं. असे कोर्स मी खूप पाहिले होते. हॉल, पीपीटी, तर्री-पोहे, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट.

मॅडमनी आधी पीपीटी केलीच नाही. त्या सहा महिने सुटीच्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यांतून फिरल्या. जनावर बांधून तपासायचा जो लोखंडी खोडा असतो, त्याच्या बाजूला वही घेऊन उभ्या राहायच्या. कोणाला काही विचारायच्या नाहीत. डॉक्टरचे हात पाहायच्या.

वही त्यांनी मला दाखवली. पानोपानी एकच गोष्ट होती. गाय गाभडते, म्हणजे दिवस भरायच्या आधी वासरू टाकते. मागची वार आत अडकते. डॉक्टर बाही वर करून उघडा हात खांद्यापर्यंत आत घालतो आणि वार सोडवतो. अशा गाईला ब्रुसेलोसिस असू शकतो. त्याचे जंतू त्या वारेतच सगळ्यात जास्त असतात आणि हातावरच्या बारीकशा खरचटीतूनही माणसात शिरतात. मग महिनोनमहिने संध्याकाळी ताप, घाम, कंबर धरणं. हे सगळं त्या डॉक्टरला पाठ असतं.

मी म्हटलं, "मॅडम, मग यांना शिकवायचं काय?"

"नारनवरे भाऊ, यांले माहिती कमी नाही. यांले वाटते का हे शेतकऱ्याले होते, डॉक्टरले होत नाही."

या एका वाक्यावर त्यांनी कोर्स उभा केला. चाळीस वर्षं मी या खात्यात होतो. इतकं साधं निदान कोणी केलं नव्हतं.

सौद्यातली दुसऱ्या दिवशीची सकाळ होती ती यासाठीच. 'रोज बेंगॉल' नावाची एक टेस्ट असते. रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, त्याचा एक थेंब आणि गुलाबी अँटिजेनचा एक थेंब पांढऱ्या प्लेटवर कालवायचे. चार मिनिटं प्लेट हलवायची. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, तर ब्रुसेलाशी गाठ पडलेली आहे. आमचे लोक गाईंची ही टेस्ट वर्षानुवर्षं करतात. मॅडमचं म्हणणं, आता त्यांनी ती स्वतःची करायची.

लॅबवाले म्हणाले, माणसाच्या रक्ताला आम्ही अँटिजेन देत नाही. मी पत्रासाठी साहेबांकडे तीन चकरा मारल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्या टेबलासमोरच डबा उघडून जेवायला बसलो, तेव्हा ते लॅबला पत्र लिहायला तयार झाले. मेडिकल कॉलेजमधले एक डॉक्टर रक्त काढायला आणि पुढचा इलाज पाहायला राजी झाले. मॅडमनी नियम घातला की जबरदस्ती नाही. आणि ट्यूबवर नाव नाही, फक्त नंबर. नंबरची चिठ्ठी ज्याची त्याने उचलायची.

मला ते पटलं नाही. "नाव लिहा ना. हिशेब राहील."

"तुमची लघवी तपासली तर मी चौकात बोर्ड लावू का?" मॅडम म्हणाल्या. मी नंबरच्या चिठ्ठ्या करायला घेतल्या. मला गप्प बसवणारे फार थोडे आहेत.

पहिल्या बॅचला डॉ. भोयर होते. बॅचमधले सगळ्यात सीनियर, आवाज मोठा, हात सोन्याचा. अडलेली गाय सोडवावी तर भोयरांनी. लांब बाहीचे हातमोजे वाटले तेव्हा त्यांनी ते पंख्याला बांधले.

"मॅडम, ग्लोव्ह घातला तर गाय मले ओळखत नाही."

हॉल हसला. मॅडमही हसल्या. "ओळख नंतर करून देऊ जी. आधी चिठ्ठी उचला."

पहिलं रक्त मॅडमनी स्वतःचं दिलं. दुसरं मी. खरं सांगतो, स्वतःची खात्री नव्हती. पट्टीबंधक असताना मी काय काय उघड्या हाताने उचललं ते मलाच ठाऊक. सीरम तयार झाल्यावर प्रत्येकाने आपल्या नंबरची प्लेट घेतली. चार मिनिटं सगळे आपापली प्लेट हलवत होते. माझी प्लेट साफ निघाली. मॅडमचीही.

त्या टेबलांमधून हळूहळू फिरल्या आणि फळ्याजवळ जाऊन म्हणाल्या, "एका प्लेटमध्ये गुठळ्या आहेत. याचा अर्थ आजार आहेच, असा नाही. पुढची टेस्ट लागते. ज्याची असेल त्याने मेडिकलच्या डॉक्टरांले एकट्यात भेटावं. बाकीच्यांनी चौकशी करायची नाही."

जेवणाच्या सुट्टीत कोणी पोळीला हात लावला नाही. सुट्टीनंतर भोयर उठून उभे राहिले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"अकरा नंबर मी आहो. वर्षभरापासून संध्याकाळी ताप येऊन राहिला. दोनदा टायफॉइडचा कोर्स केला. कंबर धरली तर बायको बाम लावून देते. मी हजार गाईंची टेस्ट केली असंन. स्वतःवर कधी संशय आला नाही. कोणी विचारन तर काय सांगू, डॉक्टर आहो म्हणून?"

मॅडमनी त्यांना उपदेश केला नाही. पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "सर, अडलेल्या गाईचा तुमचा अनुभव मले पाहिजे. बरे झाले की शिकवायला या."

पुढची टेस्टही पॉझिटिव्ह आली. सहा आठवडे गोळ्या चालल्या. ताप गेला. तिसऱ्या बॅचला भोयर मास्तर म्हणून उभे होते, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून. "अभ्यासाची गोष्ट सोडा," ते सांगत, "डॉक्टरलेही होते. मी तुमच्यासमोर उभा आहो, हाच पुरावा." त्या बॅचनंतर दवाखान्यांतून हातमोज्यांची मागणी यायला लागली. खात्याच्या पत्रकांनी जे वर्षानुवर्षं झालं नाही ते मॅडमनी तीन बॅचमध्ये केलं. अशी शिकवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग साहेबांनी कोर्स ऑनलाइन केला. एक तासाचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, मोबाइलवर सर्टिफिकेट. पहिल्या पडद्यावर संकल्पना म्हणून साहेबांचं नाव. मॅडमचं कुठेच नाही. मी तडक ऑफिसात गेलो.

"साहेब, दुसऱ्या दिवशीची सकाळ कुठे गेली?"

"नारनवरे, प्रॅक्टिकल तो है ना, व्हिडिओत दाखवलं आहे. गुलाबी थेंब, गुठळ्या, सगळं."

"कोणाचं रक्त आहे त्यात?"

"गाईचं. आणखी कोणाचं असणार?"

"आपलं बोलणं झालं होतं."

"लेखी आहे काही?"

मी जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. शिपायाने मला दारापर्यंत आणलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नाव जाऊ द्या. ती सकाळ परत मागा." त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींवर एकच उत्तर आलं: विषय विचाराधीन.

विषय विचाराधीन असताना गजभिये आडवा झाला. हा बुटीबोरीकडच्या एका गावातला पशुधन पर्यवेक्षक, ऑनलाइन बॅचचा. त्याच्या बायकोने मॅडमना फोन केला, कारण जुन्या बॅचच्या कोणीतरी नंबर दिला होता. मॅडम आणि भोयर त्याच दिवशी गेले, मीही सोबत होतो. गजभिये खाटेवर होता. कित्येक महिने टायफॉइडच्या गोळ्या खात होता. ब्रुसेला मणक्यात उतरला होता, हे नंतर मेडिकलमध्ये कळलं.

भोयरांनी विचारलं, "काहून गा, व्हिडिओ नाही पाहिला?"

"पाहिला ना, सर. दहापैकी दहा. माणसाले होते का, असा प्रश्नच होता. मी हो लिहिलं."

भोयर तोंड फिरवून अंगणात गेले.

मॅडमनी त्याला मेडिकलला भरती केलं. ताप उतरला आहे. पण कंबर सरळ होत नाही, आणि खोड्याजवळ तो पुन्हा उभा राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

सौद्यात शब्द कागदावर घ्यावा, हे मी म्हातारपणी शिकलो. ती चूक माझी. पण ती सकाळ कोर्समधून कापायच्या कागदावर सही माझी नाही. ज्याची आहे तो माणूस अजून त्याच खुर्चीत बसून नवीन व्हिडिओ मंजूर करतो आहे. त्याने गजभियेच्या घरी जावं, त्याच्या बायकोसमोर बसावं आणि ती सकाळ का कापली ते सांगावं. विचाराधीन चालणार नाही. तारीख त्याने सांगावी, गाडी मी आणतो.