गेट उघडं होतं

छावणीकडच्या एका तरणतलावावर पाण्यातली पानं आणि किडे काढायला एक मामा होते. लांब काठीला जाळी लावलेली, ती घेऊन काठानं फिरायचे. मला सरळ पोहायला शिकवलं ते त्यांनी. तिथं गळ्यात शिट्टी घातलेला कोचही होता, पण त्यानं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात मी काही चांगला दिसत नाही, आणि त्या नादात मामांचं राहून जायला नको.

मी चंदगडकडचा. आठवीत वर्गातून उठलो तो परत बसलो नाही. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला लागून बारा वर्षं झाली, राहायला पडेगावात एक खोली. गावाहून आलो तेव्हा काटक होतो. मग बसून काम, कॅन्टीनचा भात, पाळी संपली की झोप. कंपनीत तपासणीची रांग लागली तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "वय पस्तीस आणि शरीर पन्नाशीचं. साखर दारात येऊन उभी आहे." रांगेतले हसले. मीही हसलो. खोलीवर येऊन मात्र छातीवर हात ठेवून ठोके मोजत बसलो. इथं मला काही झालं तर कळणार कुणाला? घरमालकाला, तेही वास सुटल्यावर.

दुसऱ्या महिन्यात कंपनीची बस सोडली आणि जुनी गिअरची सायकल घेतली. जाऊन येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी दौलताबादच्या रस्त्यानं पळायला लागलो. वर्षभरात पँटी ढिल्या झाल्या.

तेव्हाच कंपनीच्या बोर्डावर कागद लागला, ट्रायथलॉनचा. शहराबाहेरच्या तलावात साडेसातशे मीटर पोहायचं, तसंच ओलं वीस किलोमीटर सायकल, तसंच पुढं पाच किलोमीटर पळायचं. ऑफिसातले काही साहेब उतरणार होते. मी कागद वाचत उभा होतो. मला वाचायला वेळ लागतो. मागून एक साहेब म्हणाले, "तू पण ये रे त्या दिवशी. पाणी वाटायला माणसं लागतातच."

मामा आमच्याच गल्लीत राहायचे. चहाच्या टपरीवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "पाणी वाटायला कशाला? पाण्यातच उतर की. पवता येतंय का?"

"येतंय की. विहिरीत शिकलोय."

"मग ये सकाळी पाचला. पयली बॅच सहाला असती."

विहिरीत शिकल्याचा मला मोठा तोरा होता. पाठीला डबा बांधून चुलत्यानं ढकललं होतं, भिंत उजव्या हाताला ठेवून गोल गोल फिरायचं, दमलं की कपार धरायची. तलावात उतरलो आणि चार हात मारले की डावीकडं वळायला लागलो. सरळ जातोय असं वाटायचं, डोकं वर काढलं की पोरं शिकायच्या उथळ कोपऱ्यात. मामा काठावर पोट धरून हसले. "आरं पाव्हण्या, इथं विहीर नाय! किती घिरट्या घालशील?"

मग त्यांनी जाळीची काठी माझ्यापुढं पाण्यात धरली आणि काठानं चालायला लागले. मी त्या जाळीमागं पोहायचो. अडीच महिने, आठवड्यातून चार दिवस.

एकदा दम खात बसलो होतो तेव्हा विचारलं, "मामा, तुम्ही कुठं शिकला?"

"खदानीत. आमच्या बापाला गावातल्या विहिरीच्या काठाला उभं ऱ्हाऊ देत नव्हते. खदानीत पाणी साचलं की ते आमचं." एवढं बोलून पानं काढायला लागले. आमच्या विहिरीवरही गावातल्या एका वस्तीची पोरं कधीच दिसली नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

अर्जाला तरणतलावाचा शिक्का लागत होता, की हा माणूस न थांबता साडेसातशे मीटर पोहतो. पंचवीस मीटरच्या तीस फेऱ्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पाणी वाटायला ये म्हणणारे तेच कंपनीतले साहेब लवकर आले. ते तिथले मेंबर होते, हे मला काय माहीत. मला पाण्यात बघून तिथल्या मॅनेजरला बोलावून आणलं. "हा आमच्या पॅकिंगचा. इथं आता लेबर पण पोहतं का?"

मॅनेजरनं विचारलं, "कुणी सोडलं रे तुला आत?"

मामा दहा हातांवर जाळी धरून उभे होते. मी साहेबांकडं बघितलं, नोकरी डोळ्यांपुढं आली. तोंडातून निघालं, "गेट उघडं होतं, सर. मी आपलाच आलो."

मामा लगेच म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याकडून उघडं राह्यलं."

"मग उद्यापासून येऊ नका," मॅनेजर त्यांना म्हणाला.

"नाय येत. पण यानं काल तीस फेऱ्या मारल्यात. तेवढा शिक्का देऊन टाका त्याच्या कागदावर."

"मग मारू दे आमच्यासमोर," साहेब घड्याळ बघत म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती.

मी तीस फेऱ्या मारल्या. पुढं जाळी नव्हती, तरी सरळ गेलो. वर आलो तेव्हा काठी भिंतीला टेकवलेली होती आणि मामा निघून गेले होते. शिक्का मिळाला.

आठ दिवस तो कागद खिशात तसाच ठेवला. मामांच्या दारापुढून सायकल न्यायची लाज वाटे, म्हणून मागच्या गल्लीनं जायचो. शेवटी कळलं, ते शहराबाहेर एका प्लॉटिंगवर वॉचमन झालेत. गेलो. मोकळं रान, चुन्याच्या रेघा आणि एक खुर्ची. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "भरला का फॉर्म?"

"नाही. मामा, त्या दिवशी मी..."

"माझी नोकरी गेली ती गेली. आता तू घरी बसून मला काय परत मिळणार हाय? भर गप."

त्यांच्या मांडीवरच्या रजिस्टरवर कागद ठेवून सही केली. तरणतलावाच्या मॅनेजरकडंही जाऊन खरं सांगून आलो. तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला, "अरे सोड, जुनं झालं ते." नोकरी घालवायला एक खोटं पुरलं होतं. खऱ्याला तिथं काहीच किंमत नव्हती.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. रात्री ठोके अजून मोजतो. पहिला नाही येणार, पण पाणी वाटणार नाही. आणि मामा, तुमचं फेडायचं ठरवलंय ते असं. एक दिवस तुम्हाला चंदगडला नेणार. भर दुपारी, चुलता आणि सगळी भावकी काठावर असताना, आमच्या विहिरीत आधी तुम्ही उतरायचं, मागून मी. कुणी विचारलं, याला कुणी आणलं, तर त्या वेळी मी म्हणेन, मी आणलं.